दुसऱ्याच्या नावाची भांडी

सुरतेत लिंबायतला आमच्या खोलीची मागची भिंत एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याला लागून होती. त्या भिंतीवरचं कॅलेंडर दिवसभर थरथरत असे, आणि माय डब्यात सैल भरलेली डाळ आठ दिवसांत आपोआप दबून खाली बसत असे. आठवड्यातून एक दिवस वीज बंद ठेवत, त्या दिवशी लूम थांबायचे आणि आम्हाला घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. माय त्या दिवशीही सवयीनं ओरडूनच बोलायची आणि मग स्वतःच दचकायची. आबा त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात कारीगर होते. ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीच्या केसांत सूत चिकटलेलं असायचं. अक्का त्यांना मोरीपाशी बसवून ओल्या फडक्यानं पुसायची, जणू ते लहान मूल आहेत. तेवढा वेळ आबा डोळे मिटून गप्प बसत.

सुमनअक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमचं गाव अमळनेरकडे. तिथल्या शाळेत ती दुसरीपर्यंत गेली, मग मी घरभर धावायला लागले आणि मला सांभाळायला ती घरी बसली. म्हणजे माझ्या जगण्याचा पहिला खर्च तिच्या शाळेनं भरला. हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा मला ते अगदी साहजिक वाटायचं, जसं पाणी खाली वाहतं तसं. सुरतेत आल्यावर आबांनी मला चाळीमागच्या गुजराती शाळेत घातलं, कारण ती जवळ होती आणि रस्ता ओलांडावा लागत नव्हता. त्यामुळे घरात अहिराणी, दप्तरात गुजराती आणि गल्लीत हिंदी असं माझं चालायचं. गुजराती वाचता येणारी घरात मी एकटी. विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, बसची पाटी, सगळं माझ्याकडे यायचं, आणि मी ते वाचताना आवाज जरा वर चढवायची.

अक्का भाकरी थापायची ती लूमच्या ठेक्यावर. कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा, कधी वांग्याचं भरीत. उरलेल्या वेळात दाराशी बसून ती साड्यांचे सुटे धागे कापायची. बाजारातून गठ्ठे यायचे, दहा-बारा बाया उंबऱ्यांवर बसून कात्र्या चालवायच्या आणि गप्पा मारायच्या. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. अक्काच्या मांडीवरून रोज कितीतरी झगमगीत साड्या सरकत जात आणि तिच्या अंगावर मात्र विटकं परकर-पोलकं असे, आणि तिला या दोन गोष्टींची सांगड घालावीशीही वाटत नसे. मला वाटायची. मी त्या साड्या खांद्यावर टाकून आरशात पाहायची.

उन्हाळ्यात गावाकडे लग्नांना जायचं म्हणजे आमच्या अख्ख्या चाळीचा वेष पालटायचा. गावात आम्हाला ‘सुरतवाले’ म्हणत. आबा शेजाऱ्याचं घड्याळ मागून नेत, माय समोरच्या काकूंची पोत घालायची आणि काकू पुढच्या महिन्यात मायची कर्णफुलं. गावात कुणी विचारलं, सुरतेत घर कसं आहे, की आबा म्हणत, भर बाजारात आहे. खोली केवढी ते कुणी विचारत नसे. खोटं असं कुणीच बोलत नव्हतं. विचारलेल्या प्रश्नापेक्षा थोडं मोठं उत्तर देत होते एवढंच. ही कला मी आमच्या समाजात वाढता वाढता शिकले, आणि मी तिच्यात फार हुशार निघाले.

अक्कासाठी पहिलं स्थळ आलं ते सुरतेबाहेरच्या कोसाडचं. तिकडे तेव्हा बरीचशी शेतंच होती. मुलाचं नाव रघुनाथ. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे स्वतःचे दोन लूम होते, शेजारीच अर्धवट बांधलेलं, गिलावा न केलेलं पण स्वतःचं घर होतं. तो पाहायला आला तोच कामावरून, केसांत सूत तसंच. त्याच्या आईच्या लुगड्याला ठिगळ होतं आणि ते तिनं लपवलेलं नव्हतं. तिनं येताना फडक्यात बांधून घरची शेंगदाण्याची चटणी आणली होती. बशीतून चहा पिताना ती मोठा आवाज करायची. पाहण्याच्या वेळी मुलीला जे विचारतात, नाव काय, स्वयंपाक येतो का, ते तिनं काहीच विचारलं नाही. बराच वेळ अक्काकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुले काय आवडस वं खावाले?”

अक्का गोंधळली. हा प्रश्न तिला आमच्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. मग हळूच म्हणाली, “शेवभाजी.” आणि हसली. रघुनाथही हसला.

ती माणसं गेल्यावर मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहायलाच बसले आहे. मी डोक्यावर पदर घेतला, बशी उचलली आणि त्या बाईची नक्कल केली. तसाच सुर्र आवाज, तसंच मान हलवणं. चाळीतल्या बाया पोट धरून हसल्या. मायसुद्धा हसली. कुणीतरी म्हणालं, सुमन, तुझ्या सासूच्या घरी ताटं तरी असतील का गं. अक्का शेगडीपाशी बसली होती. ती हसली नाही, माझ्यावर रागावलीही नाही. फक्त तिच्या चेहऱ्यावर मघापासून जे होतं ते गेलं. आबांना मुलगा पसंत होता, पण चाळीचं हसू त्यांच्याही कानावर पडलं होतं. कोसाडला निरोप द्यायचं ते आज-उद्यावर ढकलत राहिले.

मग मामा दुसरं स्थळ घेऊन आला. मामा स्वतः तेव्हा नवा बुशकोट घालून फिरायचा आणि त्याच्या बोलण्यात मोठी माणसं असायची. मुलगा दिलीप, कापडबाजारात पेढीवर भागीदार, पर्वत पाटियाजवळ स्वतःचं रो-हाउस, घरात फ्रीज, रंगीत टीव्ही. आपल्या समाजात असं घर आहे कुणाचं, असं मामानं तीन-तीनदा विचारलं. घर पाहायला जायचं ठरलं तेव्हा आबांनी मला बोलावलं. “निमा, तू संगे चाल. आम्हले काय वाचता येत नही. डोया उघडा ठेव.” माझ्या आयुष्यात मला कुणी सोपवलेली ती पहिली जबाबदारीची गोष्ट होती.

घर खरंच सुंदर होतं. फरशी इतकी गुळगुळीत की आबा पाय उचलून उचलून चालत होते. दिलीपची आई आमच्यासारखी अहिराणी बोलत नव्हती. पुस्तकातलं मराठी, मध्येच एखादा गुजराती शब्द. तिनं खमण आणलं, काजू आणले, फ्रीजमधलं गार पाणी आणलं. मामा सोफ्यावर असा बसला होता जणू तो त्यानंच विकत घेतलाय. दिलीप देखणा होता, नम्र होता, आबांच्या पाया पडला. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि काठाखाली कोरलेली अक्षरं दिसली. गुजराती अक्षरं. ‘जयाबेन’. भांड्यांवर नाव घालायची पद्धत आमच्याकडेही होतीच, म्हणून मी आधी काही विचार केला नाही. मग खमणाची ताटली पाहिली. ‘जयाबेन’. काजूची वाटी, तेच. दिलीपच्या आईचं नाव कमलबाई होतं, मामानं ते तासाभरात दहा वेळा घेतलं होतं.

मला आणखी पाणी हवं म्हणून मी आत गेले. ओट्यावरच्या मांडणीत ताटं, डबे, तांबे ओळीनं लावलेले होते आणि एकूण एकावर तेच नाव. मी एक डबा हातात घेऊन बघत होते तेवढ्यात कमलबाई मागे येऊन उभी राहिली. तिनं डबा माझ्या हातातून अलगद घेतला आणि जागेवर ठेवला.

“गुजराती वाचता येतं वाटतं तुला.”

“हो.”

“हुशार आहेस.” ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. “पुढे शिकायचं असेल ना?”

बारावीनंतर आबा मला घरी बसवणार होते, ते ठरलेलंच होतं. मी रात्रंदिवस त्याच विचारानं कुढत होते. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाट उघडायला तिनं जुडग्यातल्या तीन किल्ल्या लावून पाहिल्या, चौथी लागली. आपल्याच कपाटाची किल्ली माहीत नसलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. आतून तिनं समुद्री हिरव्या रंगाचं ड्रेसचं कापड काढलं, माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, बहीण इथे आली की तूही येत जा, इथून कॉलेज जवळ पडेल, दिलीप तुझी फी भरेल, हुशार मुलीनं घरी बसू नये. भांड्यांबद्दल ती एक शब्द बोलली नाही, मीही बोलले नाही. मला सगळं कळलं होतं असं आज म्हणणं खोटं ठरेल. पण काहीतरी खोटं आहे एवढं कळलं होतं, आणि ते आबांना जाऊन सांगायचं एवढंच माझं काम होतं.

परतताना रिक्षात मामा बोलत होता. घरी पोहोचल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं. “काय देखं व बेटा? घर बरं शे ना?”

कापडाची पिशवी माझ्या हातात होती. मी म्हणाले, “चांगलं शे आबा. अक्का सुखमा ऱ्हाई.”

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं की भांडी जुनी विकत घेतली असतील, कुणी भेट दिली असतील. तेव्हा असं काहीही मनात आलेलं नव्हतं. तेव्हा मनात फक्त कॉलेज होतं.

लग्न थाटात झालं. चाळीतल्या बायांनी अक्काच्या सासरचं इतकं कौतुक केलं की माय महिनाभर त्यावर जगली. दोनेक महिन्यांनी कळलं की अक्काच्या सासरच्यांनी जागा बदलली, इच्छापोरच्या रस्त्याला, दिलीपराव तिकडे नवीन धंदा बघतायत म्हणून. आबांना ते पटलं. अक्का सणाला यायची ती रिक्षातून, भारी साडीत, गळ्यात भरगच्च. येताना मिठाईचा पुडा. जूनमध्ये तिनं एक पाकीट आबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, निमीच्या कॉलेजसाठी, त्यांनी दिलंय. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की जावई मुलीच्या बहिणीलाही शिकवतोय. मी कॉलेजात जाऊ लागले. हिरव्या कापडाचा ड्रेस शिवला.

दुसऱ्या वर्षी एकदा तास लवकर सुटले म्हणून मी न सांगता अक्काकडे गेले. एप्रिलची दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. पत्ता शोधत गेले तर एका लांब इमारतीच्या टोकाला दोन खोल्या. आजूबाजूची सगळी दारं उघडी, बाया उंबऱ्यावर वाऱ्याला बसलेल्या. अक्काचं दार तेवढं आतून बंद, खिडकीला जाड चादर. मी कडी वाजवली. आत काहीतरी भराभर सरकवल्याचा, पलंगाखाली ढकलल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दार बोटभर उघडलं, मला पाहून तिनं हात धरून आत ओढलं आणि पुन्हा कडी लावली.

खोलीत श्वास घेता येत नव्हता. पंखा बंद, कारण पंख्यानं साड्या उडतात. पलंगाखालून रंगीबेरंगी काठ बाहेर आले होते. अक्काच्या पोलक्याची पाठ पूर्ण भिजली होती, बोटांना कात्रीचे घट्टे पडले होते, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. ते भरगच्च सोनं नकली होतं, खरं केव्हाच मोडलं होतं. तिनं मला पाणी दिलं आणि मग सगळं सांगितलं, फार काही घडलं नसल्यासारखं. ते घर दिलीपच्या शेठचं होतं, जयाबेन त्याची बायको. शेठ मुलाकडे परदेशी गेला तेव्हा देखभालीला म्हणून यांना तिथं ठेवलं होतं. दिलीप त्याच्या दुकानात माल दाखवायला होता. शेठ परतला, घर गेलं, मग कशावरून तरी बोलाचाली होऊन दुकानही गेलं. आता तो एका कारखान्यात कंत्राटावर होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि तिथे जाऊन बदलायचा. माणूस वाईट नव्हता, अक्का म्हणाली, मारत नाही, पीत नाही. पण शेजारी सासूनं सांगून ठेवलंय की आमचा धंदा आहे. मग धंदेवाल्याची बायको उंबऱ्यावर बसून धागे कशी कापेल?

म्हणून ती दार लावून कापायची. आमच्या चाळीत ती हेच काम दहा जणींत बसून, हसत, वाऱ्यात करायची.

मी विचारलं, माझी फी? ती म्हणाली, “आबाले सांगू नको.” एवढंच. मग म्हणाली, आबांना वाटतं त्यांनी चांगलं घर बघून दिलं. त्यांना फसवलं, तुम्हाला सगळ्यांनाच फसवलं, त्यात त्यांचा काय दोष. त्यांना कळलं तर ते स्वतःला खात बसतील.

‘तुम्हाला सगळ्यांनाच.’ तेव्हा बोलायचं होतं मी. ती समोर बसली होती, दार बंद होतं, आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. मी तिच्या हातातली कात्री घेतली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याबरोबर धागे कापले. त्या दिवशी मला ते फार मोठं वाटलं, आपण काहीतरी फेडलं असं. पुढच्या जूनमध्ये पाकीट आलं ते मी घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. कुठून येतं ते माहीत असून घेतलं. पहिली चूक सतरा वर्षांच्या मुलीची म्हणून सोडून देता येईल. दुसरीचं मला आजही काही उत्तर देता येत नाही.

मी शिक्षिका झाले. माझ्या नोकरीच्या पगारातून अक्काला द्यायला गेले तेव्हा तिनं घेतलं नाही, तिच्या दोन्ही मुलांसाठी मात्र घेतलं. आबा गेले ते जावयाचं कौतुक करत गेले. दिलीपरावही गेले. रघुनाथचं काय झालं, असं कुणी विचारेल. तो मोठा शेठ वगैरे झाला नाही. दोनाचे चार लूम झाले, मग मंदीत पुन्हा दोन. एकदा भाजीबाजारात तो आणि त्याची बायको दिसली, दोघं गवारीवरून भांडत होती, अगदी मोकळ्या आवाजात, लोकांची पर्वा न करता. मी तिथेच उभी राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.

अक्का आता मुलाकडे राहते, त्याच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये. या उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर वाळवणाच्या बिबड्या घालत होतो. मी निवृत्त झालेय, वेळ खूप आहे, आणि वेळ असला की हे सगळं वर येतं. मी ओल्या कापडावर ज्वारीचं पीठ थापता थापता बोलायला लागले. पेला, डबा, कमलबाई, चार किल्ल्या, हिरवं कापड, आबांचा प्रश्न आणि माझं उत्तर. थांबले नाही. अक्काचा हात मात्र मध्येच थांबला होता.

“तुले तव्हयच माहीत व्हतं?”

“हो.”

आजवर ती समजत होती की आम्ही सगळे मिळून फसलो. त्या समजुतीवर तिनं कितीतरी वर्षं दार बंद ठेवलं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही.

“मंग आते का बरं सांगी ऱ्हायनी?” तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. “आते तुन्हं मन हलकं व्हयी. मन्हं काय?”

मी खरोखर हलकं होण्यासाठीच बोलले होते. हे तिनं सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. पीठ उन्हात वाळायला लागलं होतं. तिनं पाण्याचा हात लावून ते पुन्हा सैल केलं आणि पुढची बिबडी थापली. मी विचारलं, अक्का, रागावलीस?

“आते नुकतं समजनं ना,” ती म्हणाली. “येयी राग. जरा टाइम लागी.”

त्याला आता चार महिने होत आले. रविवारी मी फोन करते. ती उचलते, माझ्या गुडघ्यांचं विचारते, नातवाच्या परीक्षेचं सांगते, भाज्या किती महागल्या ते बोलते, आणि मी प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांबते. मग ती म्हणते, ठेवू का, आणि ठेवते. राग अजून आलेला नाही.